चंद्रावरचा ससा इथेही आहे

तोक्यो

ती. आजीस,
साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, परवा फोनवर तू इरावर रागावलीस, सारखी जपानी कार्टूनं बघते म्हणून. तिला सध्या 'सेलर मून'चं वेड लागलंय. नाओको ताकेउचींच्या चित्रकथेवरची ही मालिका १९९२ साली इथल्या टीव्हीवर सुरू झाली. चौदा वर्षांची एक झोपाळू, रडूबाई शाळकरी मुलगी जादूने योद्धा होते आणि मैत्रिणींसाठी जीव पणाला लावते. तिचं नाव उसागी. इथे आडनाव आधी घेतात, म्हणून पूर्ण नाव त्सुकिनो उसागी. कानाला ते 'चंद्रावरचा ससा' असंच ऐकू येतं.

आजी, हा आपलाच ससा गं! कोजागरीला गच्चीवर दूध आटत असताना तू बोट दाखवून सांगायचीस तो. याचकाला द्यायला जवळ काही नाही म्हणून ससा स्वतःच आगीत उडी घेतो, मग इंद्र त्याचं चित्र चंद्रावर काढतो, ती जातकातली गोष्ट. बौद्ध धर्माबरोबर ती चीनमार्गे इथवर आली. इथल्या लोकांना मात्र तो ससा चंद्रावर बसून मोची नावाच्या चिकट गोळ्यांसाठी भात कुटताना दिसतो.

या जादूच्या मुलींचं सगळंच असं दूरदूरहून आलेलं. १९६६ सालची त्यांची पहिली मालिका 'सॅली' अमेरिकेतल्या एका चेटकिणीच्या मालिकेवरून सुचली. सेलर मूनचा पोशाख म्हणजे इथल्या मुलींचा शाळेचा गणवेश, आणि तो आला इंग्रजांच्या आरमारातल्या खलाशांकडून. मला सगळ्यात आवडते ती रेई, मंगळाची योद्धा. ती शिंतो, म्हणजे इथल्या मूळ धर्माच्या, देवळात सेवा करते, मंत्र लिहिलेले कागद फेकून लढते आणि तिच्या दोन कावळ्यांची नावं आहेत ग्रीक, फोबोस नि डिमोस, मंगळाच्या चंद्रांची! काही जण याला खिचडी म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट या लोकांनी इतकी वर्षं मायेनं वापरली आहे, की ती आता त्यांच्याच घरची झाली आहे.

आणि गंमत ऐक. इराचे मराठी वार कधी पाठ होत नव्हते. जपानीतही वार ग्रहांवरूनच आहेत, आपल्याच क्रमानं. मग आम्ही मालिकेतल्या एकेका ग्रहाच्या योद्ध्या मोजल्या: चंद्राची सोमवारी, रेई मंगळवारी, निळी बुधवारी, हिरवी गुरुवारी, नारिंगी शुक्रवारी, आणि शनीची शनिवारी. दोन दिवसांत पाठ! फक्त रविवार कुणाचा, म्हणून ती अजून मला विचारते.

इथे शरदात चंद्र बघायचा सण असतो. खिडकीत गवताचे तुरे आणि तांदळाच्या पिठाचे गोळे ठेवतात, आम्हीही ठेवले होते. इरा बराच वेळ चंद्राकडे बघत होती. मग म्हणाली, ससा आगीत गेला तेव्हा त्याला दुखलं का?

मला उत्तर देता आलं नाही. कोजागरीला व्हिडिओ कॉल करते, तेव्हा तूच तिला सांग.

तुझी,
मनू