'होल कितीचं पाडलं होतं?' असं विचारणाऱ्या प्राचार्यांना

आदरणीय सर,

तुमचा निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ आणि भाषणांच्या गडबडीत जे राहून गेलं ते इथे लिहितो आहोत, चारचौघांना वाचता येईल असं.

आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये टॅप, म्हणजे होलात आटे पाडायचं हत्यार, तुटणं नवं नाही. आधीच्या साहेबांच्या काळात त्यावर एकच प्रश्न यायचा: कोणी तोडला? मग लेखी खुलासा, मग पगारातून वसुलीची भीती. त्यामुळे नवी हत्यारं कपाटात कुलूपबंद, मुलांच्या हातात बोथट टॅप, आणि मायक्रोमीटर फळ्यावर चित्र काढून शिकवायचा. फिटरच्या मुलाचं फिटिंग ०.०४ मिमीच्या आत बसावं ही अपेक्षा मात्र कायम! याला ते शिस्त म्हणायचे.

तुम्ही राउंडला आलात तेव्हा एम-८ चा, म्हणजे ८ मिमीच्या बोल्टसाठीचा, टॅप जॉबमध्येच मोडून बसला होता. मुलगा घामाघूम, निदेशकाचा चेहरा पडलेला. तुम्ही खाली वाकून बघितलंत आणि विचारलंत, "होल कितीचं पाडलं होतं?"

साडेसहाचं. एम-८ ला, १.२५ मिमी पिचसाठी (दोन आट्यांमधलं अंतर), ६.८ मिमीचं ड्रिल लागतं. साडेसहाच्या होलात टॅपला जास्तीचा धातू कापावा लागतो आणि तो आवळत जातो. त्यात पहिला टॅप न लावता थेट तिसरा घातला, तेल दिलं नाही, उलटा फेरा देऊन चिप (कापलेल्या धातूचा कीस) तोडली नाही, की गेलाच. पण मुलाने साडेसहाचं घेतलं का? कारण पेटीत ६.८ नव्हतंच. मागणीपत्र स्टोअरमध्ये पडून होतं. तुम्ही तुटफूट रजिस्टर मागवलंत, 'जबाबदार' हा रकाना खोडून वर 'कारण' लिहिलंत आणि शेजारी सही केलीत.

त्यानंतर रजिस्टर भराभर भरलं. तुटफूट वाढली नव्हती, लपवणं थांबलं होतं. कारणं एकाखाली एक आल्यावर तीच तीच दिसू लागली: चुकीचं ड्रिल, गुण्या न लावता तिरका सुरू केलेला टॅप. मग ती दुरुस्त करता आली. वेल्डर ट्रेडला दोन-दोन रॉड मोजून देणंही तुम्ही बंद केलंत. दोन रॉडांत मुलगा आर्क धरायला शिकतो, सरळ रन (वेल्डची सलग रेघ) ओढायला नाही, हे तुम्हाला सांगावं लागलं नाही.

सगळं सुधारलं असं नाही. रिक्त पदं रिक्तच आहेत, जुने लेथ तसेच कुरकुरतात. ते तुमच्या हातात नव्हतं. पण समोरच्याला आधी चोर न समजण्यासाठी ना शासन निर्णय लागतो, ना निधी. एवढा साधा भलेपणा खुर्चीवरच्या माणसात इतका दुर्मीळ का असावा, कोण जाणे.

तुमच्या नव्या संस्थेतल्या निदेशकांनाही एक निरोप: कपाटं उघडा, मायक्रोमीटर मुलांच्या हातात द्या. हे साहेब वसुली लावत नाहीत.

आपले,
फिटर, टर्नर आणि वेल्डर विभागातील निदेशक