आधी पाट, मग कपाट

पुणे,
14 जून

प्रिय सदा,

तुझा तो नऊ मिनिटांचा निरोप दोनदा ऐकला. पहिल्यांदा चहा पिताना, दुसऱ्यांदा वही घेऊन. सावंतवाडीत, चितारआळीच्या गावात राहायला गेलास, जिथे पिढ्यान्‌पिढ्या लाकडाची फळं नि खेळणी घडवली जातात, आणि सुतारकाम शिकायला मला विचारतोस! पण तुझं दुखणं कळलं. सुतार तीन आठवडे 'फाल्या येतंय' (उद्या येतो) म्हणतोय, घर पंधरा वर्षं बंद होतं, आणि काकूंना सगळं गणपतीच्या आत हवंय. म्हणून आता तूच करवत घेणार. घे बाबा. फक्त तुझ्या यादीत पहिलंच काम 'बेडरूममधलं सहा फुटी कपाट' आहे, ते खोड. मी याच मार्गाने गेलो होतो, म्हणून हक्काने सांगतो.

तुला आठवत असेल, मुलगी दहावीत गेली तेव्हा मी तिला पुस्तकांचं कपाट करायचं ठरवलं होतं. कागदावर सुंदर चित्र काढलं. बाहेरून रुंदी 24 इंच, आत चार फळ्या. दुकानात गेलो, 18 मिमीचा प्लाय घेतला आणि फळ्या 24 इंचांच्या कापून आणल्या. घरी आल्यावर लक्षात आलं की दोन्ही बाजूंचे प्लाय उभे राहिले की त्यांचीच जाडी 36 मिमी खाते. आतली जागा 610 वजा 36, म्हणजे 574 मिमी. फळ्या सगळ्या जवळजवळ दीड इंच लांब. चार फळ्या परत करवतीखाली गेल्या. मुलगी काही बोलली नाही, पण तिच्या आईने 'मोजायला कोणी शिकवलं?' असं विचारलंच. शिवाय करवतीचं पातं स्वतःही दोन-तीन मिमी लाकूड भुसा करून टाकतं. एका मोठ्या तुकड्यातून पाच फळ्या काढताना ते धरलं नाहीस तर शेवटची फळी हमखास बारीक निघते. तेव्हा दुकानदाराला आकडे देण्याआधी कागदावर चित्र काढ, प्रत्येक तुकड्याची जाडी त्यात दाखव आणि मग वजाबाकी कर.

तर आधी पाट कर. साधा, जेवायला बसायचा. हसू नकोस. पाटात सुतारकामाच्या बहुतेक सगळ्या गोष्टी येतात आणि बिघडला तर चुलीत घालता येतो. तीन फळ्या घे. दीड फूट लांब, साडेचार इंच रुंद, पाऊण इंच जाड. आप्पांच्या माळ्यावर फणसाच्या जुन्या फळ्या पडल्यात असं तूच म्हणालास. शहरात फणसाची जुनी फळी बघायलाही मिळायची नाही. खाली दोन आडव्या पट्ट्या, दीड इंच उंच. बस.

पण या पट्ट्या बसवण्यातच सगळी गंमत आहे. माझा पहिला पाट जुन्या पलंगाच्या एका रुंद सागवानी फळीचा होता. ऑगस्टमध्ये केला. खाली पट्ट्यांना भरपूर फेविकॉल लावला, वर स्क्रू मारले आणि 'आता हा शंभर वर्षं हलत नाही' म्हणून घरभर मिरवला. एप्रिलमध्ये दुपारी सगळे झोपलेले असताना स्वयंपाकघरातून 'टच्' असा आवाज आला. मी मांजर पडली असं समजून गेलो, तर पाटाला मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर. कारण मग एका म्हाताऱ्या सुताराने सांगितलं. लाकूड रुंदीत फुगतं नि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. खालची आडवी पट्टी लांबीत असते, ती जागची हलत नाही. वरची फळी पावसाळ्यात फुगलेली, उन्हाळ्यात आकसायला बघते, आणि मी तिला सरसाने जखडून टाकलेलं. मग ती फाटणार नाही तर काय करेल?

म्हणून तू असं कर. सरस अजिबात लावू नकोस. पट्टीला खालून 5 मिमीचं भोक पाड, म्हणजे 8 नंबरचा स्क्रू त्यात सैल जातो. वर फळीत मात्र तीन मिमीचंच भोक, म्हणजे आटे पकडतात. स्क्रू दोन इंची घे. दीड इंच पट्टीत, अर्धा इंच फळीत, वर पाव इंच शिल्लक. हा हिशेब चुकवलास तर स्क्रूचं टोक वर येऊन जेवणाऱ्याला बोचेल. स्क्रूला आधी थोडा साबण चोळ, फणसाच्या लाकडातसुद्धा गपकन जातो. प्रत्येक फळीला प्रत्येक पट्टीत एकच स्क्रू, तोही फळीच्या मध्यावर. तीन फळ्यांमध्ये दोन-दोन मिमीची फट सोड. ती फट दिसायला चुकल्यासारखी वाटते, पण तीच पाटाला श्वास घेऊ देते. सगळं झाल्यावर टेपने कर्ण मोज. दोन्ही कर्ण सारखे आले तर पाट काटकोनात, नाही आले तर लांब कर्णाच्या टोकाला हलकेच हातोडी मार. ही युक्ती खुर्चीपासून दारापर्यंत सगळ्याला चालते.

पॉलिशपेपर 80 नंबरने सुरुवात कर, मग 120, मग 220, आणि हात नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने फिरव. आडवा घासलास तर रंग लावल्यावर ओरखडे दिसतात, आधी दिसत नाहीत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

हत्यारं किती आणायची विचारलंस. फार नाही. पाच मीटरची मेजर टेप, काटकोन बघायचा गुण्या, एक करवत, हातोडी, पक्कड, दोन सी-क्लॅम्प आणि ड्रिल मशिन. दारांच्या दुरुस्तीसाठी पटाशी (लाकूड तासायची छिन्नी) लागेल, ती नंतर घे. इथे पुण्यात बोहरी आळीत मी एकदा दिवसभर फिरून जे आणलं, त्यातलं निम्मं अजून वेष्टनात आहे, आणि ते बघून आजही घरातून टोमणे येतात. डोळ्यांना चष्मा मात्र विसरू नकोस. लाकडाचा कण डोळ्यात गेला की तो रविवार गेलाच.

आता तुझं खरं दुखणं, म्हणजे भिंती. तुझं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, म्हणून माझ्या पुण्याच्या वीट-काँक्रीटवरचे सल्ले आंधळेपणाने घेऊ नकोस. जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत कडक होत जातो, पण आतून सच्छिद्र राहतो. खोल भोक पाडलंस तरी कडा ढासळून स्क्रू धरणारी प्लॅस्टिकची गिट्टी सैल होण्याची भीती असते. त्यात तुला पुस्तकं टांगायची आहेत. एक मीटर लांब पुस्तकांची रांग सहज वीस-पंचवीस किलो होते. तेव्हा टांगूच नकोस. तुझ्या घराला कोनाडे आहेत ना? ओटीवरचा तो मोठा, ज्यात आप्पा चष्मा ठेवायचे. त्याच्या दोन्ही कडांना लाकडी पट्ट्या बसव आणि त्यांच्यावर फळी टेकव. सगळा भार कोनाड्याच्या कडांवर. हलक्या कामासाठी, आरसा किंवा घड्याळासाठी, भोक पाडायचंच असेल तर ड्रिल मशिनची ठोकण्याची सोय (हॅमर) बंद ठेव, नुसतं फिरवून पाड, आणि लांब गिट्टी वापर.

बाकी पुस्तकांसाठी जमिनीवर उभं राहणारं शेल्फ कर. त्याचे पाय फरशीला लावू नकोस, खाली दगडाचे छोटे तुकडे दे आणि मागे भिंतीपासून दोन बोटं हवा राहू दे. कोकणातली ओल आणि वाळवी या दोघी मैत्रिणी, एकीला सोडलं की दुसरी येतेच. फळी किती लांब ठेवायची यात माझी पूर्वी फसगत झाली आहे. तीन फुटांची फळी पुस्तकांनी भरली की सहा महिन्यांत मधोमध झोळ येतो, आणि जो आला तो जात नाही. हिशेब असा, पुस्तकांनी भरलेल्या फळीचा झोळ लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. तीन फुटांऐवजी दोन फूट ठेवलीस तर झोळ पाचपटीने कमी. उलट जाडी दुप्पट केलीस तर तो आठव्या हिश्शावर येतो, पण दुप्पट जाडीचा प्लाय कोण घेतो? त्यापेक्षा पुढच्या कडेला दीड इंचाची उभी पट्टी लाव. दिसायलाही बरी, फळीही ताठ.

प्लाय घेताना दुकानात फार गोड बोलतात. तू शिक्का बघ. आयएस 303 लिहिलेला साधा एमआर प्लाय ओलावा थोडाफार सोसतो, पाणी नाही. तुमच्या बाजूच्या हवेला 710 चा, म्हणजे मरीन म्हणतात तो, निदान खालच्या फळ्यांना घाल. पैसे जास्त जातील, पण दोन पावसाळ्यांत कडा फुगून पोळीसारख्या सुटल्या तर परत सगळं करायचं. सुतार जाडी सुतात बोलतील, गोंधळू नकोस. आठ सूत म्हणजे एक इंच, तेव्हा सहा सूत म्हणजे तुझा साधारण अठरा-एकोणीस मिमीचा, चार सूत म्हणजे बाराचा. माप टेपवर मात्र मिलिमीटरमध्ये घे. सुताचं माप तोंडात बरं, वहीत नाही.

तुझं ओटीकडचं दार अडकतंय म्हणतोस आणि तुला रंधा मारायचाय. खबरदार. आत्ता पावसाळा आहे, दार फुगलंय. आत्ता तासलंस तर मार्चमध्ये त्या फटीतून पाली येतील. काठाला मेणबत्ती घास, बिजागऱ्यांचे स्क्रू घट्ट कर. अर्धं अडकणं तर सैल बिजागरीमुळेच असतं. उरलेलं दार हिवाळ्यापर्यंत चालव. डिसेंबरमध्येही अडकलं तर मग तास.

लेव्हलसाठी महागडं काही आणू नकोस. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी घे, दहा-पंधरा फुटांची, वीस-तीस रुपयांच्या वस्तूसारखी दिसते पण ओटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्याइतकं खरं कुणी बोलत नाही. दोन्ही टोकं भिंतीला धर, पाणी जिथे थांबेल तिथे पेन्सिलची खूण. फक्त आत बुडबुडा राहू देऊ नकोस. बुडबुडा राहिला की एका टोकाची खूण दोन सूत वर जाते आणि मग तू भिंतीला दोष देतोस. वहिनींना एक टोक धरायला सांग. माझ्याकडे हे काम मुलगी करायची आणि 'बाबा, हात दुखला' हा आमच्या घराचा ठरलेला मंत्र होता.

नळाचं फार लिहीत नाही. वायसर बदलायचा, आधी टाकीचा कॉक बंद करायचा, टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने दहा-बारा वेढे गुंडाळायचा. उलटा गुंडाळलास तर बसवताना सुटून येतो. पक्कडीखाली जुना कपडा ठेव, नाही तर नळाच्या चकाकीवर दात उमटतात.

आणि तीन कामं तू करायची नाहीस. वायरिंग, गॅस आणि कौलं चाळणं. कौलांचं माहीत आहे, लहानपणी तू वर चढायचास. तेव्हा तू बारा वर्षांचा नि चाळीस किलोचा होतास. आत्ता तुझ्याकडे बघून कौलंच घाबरतील. भिंतीत कुठे भोक पाडणार असशील तर स्विचबोर्डाच्या उभ्या रेषेत, वर-खाली, ड्रिल लावू नकोस. आतून तारा बहुधा तशाच गेलेल्या असतात. घर जुनं, त्यात कोणी कुठे काय नेलंय ते आप्पांनाच माहीत होतं. मेन बंद करूनच काम कर.

काकूंनी गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, द्यायला नवा पाट मागितलाय असं तू शेवटी म्हणालास, ते ऐकून मला एकदम उत्साह आला. मूर्ती घडवायलाच पाट आधी द्यावा लागतो, म्हणजे तुझ्याकडे दिवस थोडे आहेत. पण ऐक. पहिला पाट शाळेत देऊ नकोस. तो मला बसायला ठेव, मी गणपतीला येतोच आहे, आणि त्याच्या फटी, ओरखडे, वाकडे कोपरे मीच बघणार. तुला हसायचा माझा हक्क आहे. दुसरा पाट तू नक्की सरळ करशील, तोच दे. चौकशीला मुलीने फोन केला तर तिला म्हण, बाबाच्या चुका वाचून कामाला लागलोय.

वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग.

तुझा,
विन्या

ता.क. फणसाच्या फळ्या माळ्यावरून काढशील त्या आठवडाभर ओटीवर सावलीत, मध्ये काटक्या ठेवून रचून ठेव. उन्हात टाकलेली फळी एका बाजूने पापडासारखी वर येते. आणि काढताना हातमोजे घाल. माझ्या मोठ्या मामाला तिथे विंचू भेटला होता, हे तुला आठवतंय ना?