माँटेग्यूंचा विरोध कसा विसरलात?

संपादक महोदय,

पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचे राष्ट्रीय घर उभारायला पाठिंबा देणाऱ्या, ब्रिटिश सरकारच्या १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यावरचा आपल्या रविवारच्या अंकातला लेख वाचला. ‘जगभरच्या ज्यूंची एकमुखी मागणी’ हे शब्द फार खटकले. मागणी एकमुखी नव्हतीच. त्या वेळी ब्रिटिश मंत्रिमंडळात एकच ज्यू मंत्री होते आणि जाहीरनाम्याला कडाडून विरोध केला तो त्यांनीच. त्यांचे नाव आपण शाळेत पाठ केलेले आहे: माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांतले भारतमंत्री एडविन माँटेग्यू.

२० ऑगस्ट १९१७ ला त्यांनी भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा पार्लमेंटात केली. त्याच आठवड्यात सहकाऱ्यांपुढे एक टिपण ठेवले. मथळाच होता, ‘सध्याच्या सरकारचा ज्यूद्वेष’! पॅलेस्टाइन हे ज्यूंचे घर ठरले, की प्रत्येक देश आपल्या ज्यू नागरिकांना बाहेरची वाट दाखवेल, ही त्यांची भीती. गंमत नव्हे, घरातलाच वाद होता हा. पॅलेस्टाइनचा प्रश्न १९१५ मध्येच मंत्रिमंडळापुढे मांडणारे हर्बर्ट सॅम्युअल हे माँटेग्यूंचे सख्खे चुलतभाऊ. पुढे १९२० मध्ये तेच पॅलेस्टाइनचे पहिले ब्रिटिश उच्चायुक्त झाले.

मला माँटेग्यूंचे म्हणणे अर्धेच पटते. लंडनच्या धनाढ्य बँकरच्या मुलाला नागरिकत्व होते. रशियाच्या झारच्या राज्यात दंगलींत होरपळणाऱ्या ज्यूला कुठले? पण ‘जिथे राहतो तिथेच हक्क मिळवू’ म्हणणारी ‘बुंद’ ही ज्यू कामगारांची संघटना झारच्याच राज्यात, विल्ना शहरात उभी राहिली. तीही १८९७ मध्ये, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचे घर मागणाऱ्या झायोनिस्ट चळवळीचे नेते हर्झल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझलला पहिली झायोनिस्ट परिषद भरवली त्याच वर्षी. ती परिषद आधी म्युनिकला व्हायची होती. तिथल्या ज्यू समाजानेच नको म्हटले, म्हणून बाझल.

जाहीरनाम्याच्या शेवटी, इतर देशांतल्या ज्यूंच्या हक्कांना बाध येणार नाही, असे कलम आहे. ते आले माँटेग्यूंसारख्यांच्या विरोधामुळे. लेखात त्याचा उल्लेखही नाही. जाहीरनामा निघाल्याचे माँटेग्यूंना कळले ते भारतात पोचल्यावर, रॉयटरच्या तारेतून. ज्याच्याविरुद्ध आपण एवढे झगडलो तेच झाले, अशी नोंद त्यांनी रोजनिशीत केली. लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर त्यात या नोंदीला जागा द्यावी.

– एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा