बिल्डिंगची चावी कोणाच्या खिशात

दादर,
रविवार दुपार

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. "माणूस कुणालाच आवडत नाही, तरी तिसऱ्यांदा सोसायटीचा सेक्रेटरी कसा?" हा प्रश्न बोरिवलीपासून गिरगावापर्यंत जिन्याजिन्यात कुजबुजला जातो. लोकांना आवडणारा माणूस पूजेच्या कमिटीत जातो, विन्या. सेक्रेटरी तो होतो, जो टाकी धुवायच्या दिवशी सकाळी सात वाजता गच्चीवर उभा असतो. लिफ्ट अडकली की कुणाला फोन करायचा, पाण्याचा मीटर कुठल्या झाकणाखाली आहे, अग्निशमनाचं प्रमाणपत्र कुठल्या फाइलला आहे, हे एकट्यालाच ठाऊक असणं हीच त्याची सत्ता. बाकीच्या सत्तेचाळीस घरांनी ती त्याला हौसेने दिलेली आहे, कारण ते काम कंटाळवाणं आहे.

पेशवाईत बघ ना. नाना साडेतीन शहाण्यांतला अर्धा, कारण तलवार चालवता येत नव्हती. पण मूळचा फडणीस, हिशेबाचं दफ्तर त्याच्या हाताखाली. बारभाईंच्या कारस्थानापासून 1800 साली मरेपर्यंत, मधली थोडी पडझड सोडली, तर पुण्याचा कारभार त्याच्याशिवाय हलला नाही. तुमच्या सेक्रेटरीच्या कपाटात दोन रजिस्टरं असतील, 'आय' नमुना आणि 'जे' नमुना. 'आय' म्हणजे सभासदांची सविस्तर नोंदवही, 'जे' म्हणजे त्यांची यादी. मत कुणाला आहे, हे तिथून ठरतं. कपाटाची चावी एकच असेल तर खुर्चीवर कोण बसलंय याला फार अर्थ उरत नाही.

आता तो टिकतो कसा. त्याचं चलन पैसा नाही, 'बघू' हा शब्द आहे. चौथ्या मजल्यावरचं लिकेज, पार्किंगची वेटिंग लिस्ट, कुणाच्या मुलीच्या नावावर करायचा फ्लॅट. नाही म्हटलं तर माणूस शत्रू होतो आणि काम करून टाकलं तर मोकळा होतो. अर्धवट ठेवलेला माणूस मात्र सभेत तोंड उघडत नाही. यातली बरीचशी अडवणूक हवेतली आहे. घर विकायला सोसायटीची ना हरकत लागत नाही, आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, तसं लिहिलंय. पण घेणाऱ्याची बँक ते पत्र मागते आणि तेवढ्या फटीत तो बसतो. हस्तांतरणाचं प्रीमियम 25,000 रुपयांच्या वर नेता येत नाही. भाड्याने दिलेल्या घराला बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपुरतंच, हे 2001 पासून ठरलेलं आहे. हे आकडे ज्याला पाठ आहेत त्याच्याशी 'बघू' चालत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 32 खाली उपविधी, शेवटचा ऑडिट झालेला ताळेबंद, समितीची यादी आणि सभेचं इतिवृत्त कुठल्याही सभासदाला बघता येतं. अर्ज लेखी दे आणि पोच घे. तोंडी मागितलेला कागद म्हणजे मागितलाच नाही असं समज.

सगळ्यात बारकाईने बघायची गोष्ट म्हणजे सभा. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, 14 पूर्ण दिवसांची नोटीस देऊन. आता कॅलेंडर काढ. गणपती पुष्कळदा याच सुमाराला येतात आणि तुमच्याकडची निम्मी घरं चिपळूण-राजापूरकडे निघालेली असतात. सभेचा रविवार नेमका त्यातच पडत असेल तर तो योगायोग नव्हे. गणसंख्या म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांतला लहान आकडा. तुम्ही 48, म्हणून 20. साडेदहाची सभा, बारा-तेरा डोकी, सेक्रेटरी घड्याळाकडे बघतो आणि सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करतो. अकराच्या सभेला गणसंख्या लागत नाही, नोटिशीतच तसं छापलेलं असतं. तेरातली सात मतं म्हणजे बहुमत, आणि ती सात त्याने शनिवारी रात्रीच मोजलेली असतात. प्रॉक्सी सोसायटीत चालत नाही, त्यामुळे पुण्याला राहणारा फ्लॅटमालक नाराज असला तरी त्याची नाराजी पुण्यातच राहते.

विषयांचा क्रमही बघ. हिशेब वाचायला पाऊण तास, मग ऑडिटरची नेमणूक, मग गेल्या वर्षीच्या तक्रारी. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा मोठा खर्च सव्वाबाराला येतो, जेव्हा बाहेर वड्यांचा घाणा उतरलेला असतो. (वड्यांनी जेवढे ठराव पास केले असतील तेवढे भाषणांनी केले नसतील.) एरवी तोंडावर वाद घालणारी माणसं त्या वासाला 'मंजूर, मंजूर' म्हणतात. आणि खरी सभा नंतर होते, त्याच्या लॅपटॉपवर. 'चर्चा झाली' याचं इतिवृत्तात 'सर्वानुमते ठरले' होतं. मसुदा फिरवल्यावर 15 दिवसांत लेखी हरकत घ्यायची असते. ती कुणी घेत नाही, आणि पुढच्या सभेत 'मागील इतिवृत्त कायम करणे' हा पहिला विषय दोन मिनिटांत उरकतो. तिथे तुझा विरोध कायमचा पुसला गेला.

कोटेशनांचंही तसंच. नियमाप्रमाणे तीन लिफाफे असतात, पण दोन पाहुणे असतात. तिन्हींत 'वॉटर प्रूफींग' हे एकाच चुकीने लिहिलेलं असेल, किंवा कामाच्या वर्णनात एकाच कंपनीच्या रसायनाचं नाव असेल, तर समजून जा. जीएसटी क्रमांक आणि पत्ते शेजारी ठेवून बघ. रकमेवर भांडू नकोस, वर्णनावर भांड: किती चौरस फूट, किती थर, किती वर्षांची हमी, पाणी साठवून किती तास चाचणी. काम कुणाला जाणार हे वर्णनातच ठरून गेलेलं असतं.

तू उभा राहणार म्हणतोस तर घाई करू नकोस. आधी एक कंटाळवाणं खातं माग, लिफ्टचं किंवा टाकीचं. तो आनंदाने देईल. सहा महिने फाइल अशी ठेव की कुणालाही वाचता येईल: कराराची तारीख, भरलेली रक्कम, बंद पडल्याचे दिवस. मग जी घरं सभेला येत नाहीत त्यांची यादी कर. येणाऱ्या तेरांना फोडण्यापेक्षा न येणाऱ्या पस्तिसांतून दहा आणणं सोपं आहे. त्यांना विचारधारा नको असते, विन्या, आपल्या बाथरूमचं छत गळायचं थांबायला हवं असतं. 11 जणांच्या समितीत 6 सर्वसाधारण, 2 महिला आणि 3 इतर राखीव जागा असतात. राखीव पुष्कळदा रिकाम्या जातात आणि महिलांच्या दोन जागांवर सेक्रेटरीच्या पॅनलवाल्यांच्या बायका बसतात. तू त्या दोन जागांपासून सुरुवात कर. दुपारी बिल्डिंगमध्ये काय चाललंय हे त्यांनाच ठाऊक असतं. 250 पेक्षा कमी सभासद असले की निवडणूक सोसायटीला स्वतः घेता येते, म्हणजे यादी बनवणारं ऑफिस पुन्हा तेच.

म्हणून त्याचा एक जुना डाव आधीच सांगून ठेवतो. निवडणुकीच्या आधी तुझ्या बिलात एखादी वादग्रस्त रक्कम चढेल, दुरुस्तीचा दंड वगैरे. तू तत्त्वाने भरणार नाहीस, तीन महिने उलटतील आणि तू थकबाकीदार म्हणून बाद. तत्त्व सोड, 'निषेध नोंदवून भरत आहे' असं पत्र देऊन भरून टाक. भांडण नंतर सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे करता येतं.

मध्येच विशेष सभा मागवायची झाली तर एक पंचमांश सह्या लागतात, तुमच्यात दहा. तू सोळा घे, दोन-तीन जण शेवटच्या क्षणी 'मला नीट कळलं नव्हतं' म्हणतात. महिन्याच्या आत सभा बोलवावी लागते, पण तारीख तोच ठरवणार, म्हणजे मंगळवार संध्याकाळ धरून चाल. आणि इथे बरेच जण फसतात. सभासदांच्या मागणीवरून बोलावलेल्या सभेत अर्ध्या तासात गणसंख्या झाली नाही तर ती तहकूब होत नाही, रद्द होते. त्याला जो नियम तारतो तोच तुला बुडवतो. वीस माणसं खुर्चीवर बसलेली दिसल्याशिवाय अर्ज देऊच नकोस.

मिळालेलं घालवतात कसं, तेही ऐक. नवे लोक पहिल्याच महिन्यात जुन्याची चौकशी काढतात. बिल्डिंग दुभंगते आणि पंप तसाच बंद राहतो. दुसरी चूक दंडाची: चपला बाहेर ठेवल्या दंड, कुत्रा लिफ्टमध्ये दंड. शेजाऱ्याकडून दंड खाल्लेला माणूस पाच वर्षं विसरत नाही. थकबाकीसाठी पाणी तोडणं ही तर सरळ बेकायदा गोष्ट, आणि त्या एका दिवसात त्या घराची कणव सगळ्यांना येते. तिसरी चूक खजिनदार आपल्यातला घेण्याची. चेकवर दोन सह्या असतात त्या संशय वाटून घ्यायला. दुसरी सही विरोधकातल्या सरळ माणसाची असली तर तुझ्यावरचा निम्मा आरोप त्यालाच खोडावा लागतो. तो अविश्वास आणेल म्हणून घाबरू नकोस, त्याला समितीतल्या दोन तृतीयांशांची साथ लागते.

पुनर्विकास निघाला की मात्र हे सगळं पोरखेळ वाटेल. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाने 51 टक्क्यांची संमती पुरते. सगळे बिल्डरकडे बघत बसतात आणि पीएमसी, म्हणजे प्रकल्पाचा सल्लागार, कोण नेमतोय तिकडे लक्ष नसतं. निविदा लिहिणारा तोच. वॉटरप्रूफिंगच्या लिफाफ्यांचंच मोठं रूप.

आत्ता फक्त एवढं कर: कलम 32 चा अर्ज दोन प्रतींत लिही, एकीवर तारखेसह शिक्का घे. ऑफिस बंद म्हणाले तर स्पीड पोस्टने पाठव आणि पावती जपून ठेव. इतिवृत्तं हाती आली की गेल्या तीन वार्षिक सभांच्या हजेरीच्या सह्या मोज आणि आकडे मला कळव. पुढचं त्यावर ठरवू.

वहिनींना नमस्कार. त्यांना महिलांच्या जागेबद्दल विचारलंस की नाही?

तुझा,
अरुण