मरून मरून परत येणारा पोरगा

प्रिय आई-बाबा,

सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "त्या जपानी कार्टूनमधला हिरो सारखा मरतो म्हणे, मग तू बघतोस तरी काय त्यात?" ही चुगली ताईची असणार. फोनवर सांगायला घेतलं असतं तर आईने मधेच "जेवलास का?" विचारून विषय संपवला असता. म्हणून लिहितोय.

मालिकेचं नाव 'री:झीरो'. ताप्पेई नागात्सुकी या लेखकाने ही गोष्ट 2012 पासून इंटरनेटवर हप्त्याहप्त्याने लिहिली. पुढे तिची पुस्तकं निघाली आणि 2016 मध्ये व्हाइट फॉक्स या स्टुडिओने त्यावर अ‍ॅनिमे काढला. हिरो म्हणजे नात्सुकी सुबारू, शाळेत जाणं सोडून घरात बसलेला पोरगा. रात्री ट्रॅकसूट घालून दुकानात जातो, चिप्स आणि कप नूडल्स घेतो आणि बाहेर पडतो तर एका भलत्याच जगात. रस्त्यावर भर दुपार, आणि घोड्यांच्या जागी मोठाले सरडे गाड्या ओढतायत. असं दुसऱ्या जगात जाऊन पडलेल्या पोरांच्या गोष्टींचं तिकडे उदंड पीक आहे. बहुतेकांना तिथे पोचल्यावर अफाट ताकद मिळते आणि मग सगळं सोपंच होऊन जातं. सुबारूच्या वाट्याला एकच गोष्ट येते. तो मेला की काळ मागे जातो आणि तो पुन्हा जिवंत असतो. किती मागे, हे त्याच्या हातात नाही.

पहिल्यांदा मरतो तेव्हा त्याचं पोट फाडलेलं असतं. डोळे उघडतात तर तो एका फळवाल्यासमोर उभा. चेहऱ्यावर व्रण असलेला तो दांडगा माणूस वैतागून विचारतोय, फळ घ्यायचंय की नाही? पोरगा पोट चाचपतो. जखम नाही, रक्त नाही. बाजार आपला चालू आहे.

बाबा, तुम्ही म्हणाल की हे बरंय, गणित चुकलं की पाटी पुसायची आणि नव्याने सोडवायचं. मलाही सुरुवातीला त्याचीच मजा वाटली होती. कोणता रस्ता घेतला की कोण वाचतं, हे सुबारूबरोबर आपणही शोधत बसतो. पण पाटी पुसली जाते ती बाकीच्यांची, त्याची नाही. एका हवेलीत तो चार दिवस राहतो. तिथल्या रेम आणि राम या जुळ्या बहिणी घरकाम बघतात, त्यांच्या हाताखाली काम शिकतो, त्यांची बोलणी खातो, हळूहळू त्यांच्यातला होतो. एमिलियाने, म्हणजे ज्या मुलीवर त्याचा जीव जडलाय तिने, उद्या बरोबर फिरायला यायचं कबूल केलेलं असतं. त्या रात्री झोपेतच त्याचा जीव जातो. जाग येते ती पहिल्या सकाळी. बिछान्याशी त्याच दोघी उभ्या, आणि पाहुण्याशी बोलावं तशा अदबीने बोलतायत. आदल्या रात्रीपर्यंत चिडवणाऱ्या पोरी! तो तिथून पळ काढतो. सगळ्या मालिकेत मला मारामाऱ्यांपेक्षा हाच प्रसंग जास्त भयंकर वाटतो, आणि त्यात कुणाला साधा ओरखडासुद्धा येत नाही.

शिवाय हे कुणाला सांगायचीही सोय नाही. सांगायला तोंड उघडलं की काळा हात येऊन त्याचं काळीज पिळतो. एकदा तरीही नेटाने सांगू बघतो, तर एमिलियाचाच जीव जातो.

मग तो चिडतो. मी तुझ्यासाठी किती केलं, तुला कसं कळत नाही, असं एमिलियाला सुनावतो. ती बिचारी बघतच राहते, कारण तिच्या लेखी त्यातलं बरंचसं घडलेलंच नाही. त्याची माया खरी आहे, यातना खऱ्या आहेत, आणि तरीही त्या बोलण्यात तो पार उघडा पडतो. दिलेल्या जिवाचं बिल असं कुणाच्या हातात ठेवता येत नाही. या भांडणासाठी अनेकांनी सुबारूला शिव्या घातल्या. मला मात्र लेखकाची कमाल वाटली. आपल्या हिरोला इतकं नकोसं करून दाखवायला छाती लागते. त्यातून तो बाहेर येतो तो रेममुळे. एक अख्खा भाग जवळजवळ त्या दोघांच्या बोलण्यावर काढलाय.

अशा गोष्टींत आठवण ज्याच्याकडे राहते त्याचेच हाल असतात. 2009 मध्ये 'हारुही सुझुमिया' या मालिकेत एकाच सुट्टीचे तेच ते दिवस सलग आठ भाग दाखवले होते. प्रेक्षक वैतागले. गोष्टीत ती सुट्टी 15,532 वेळा येते आणि सगळ्या खेपा आठवतात फक्त एका अबोल मुलीला. ती आपणहून चकार शब्द काढत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. दुसऱ्या सीझनचा चौथा भाग, 2020 चा. एका थडग्यात सुबारूची परीक्षा होते, स्वतःच्या भूतकाळाला सामोरं जायची. तो जागा होतो तो जपानमधल्या आपल्या खोलीत, आणि बाप अंगावर उडी मारून त्याला उठवतोय. खाली आईने वाटाण्यांचा ढीग वाढून ठेवलाय, पोराला वाटाणे बघवत नाहीत हे माहीत असून. बाप केनिची म्हणजे गावभर ओळखी असलेला, सगळ्यांना हवाहवासा माणूस. त्याचा मुलगा म्हणून जे व्हायला हवं होतं ते जमेना, म्हणून पोरगा घरात बसला, हे तिथे उघड होतं. बाबा, कराडात मी दहावीपर्यंत 'सरांचा मुलगा' होतो. गणिताच्या पेपराला बाजूचा पोरगा माझ्याच पेपरात डोकावायचा, कारण सरांच्या मुलाला येणारच! तुम्ही मला कधी काही म्हणाला नाहीत, हे मला माहीत आहे. केनिचीसुद्धा काही म्हणालेला नसतो.

पुढे सुबारू शाळेचा गणवेश घालून निघतो आणि आई त्याच्याबरोबर रस्त्याने चालत जाते. खरे आई-बाप पुन्हा दिसतील याचा भरवसा नाही, हे त्याला कळून चुकलंय. तुम्हाला काहीच परत देऊ शकलो नाही, म्हणून तो रडतो.

हा भाग बघताना डोक्यात आलं की आपल्या घरात हे उलटं आहे. सगळं आठवतंय ते तुम्हाला. चार वर्षांचा असताना मला टायफॉइड झाला होता, हे मी ऐकून आहे, मला त्यातलं काहीच आठवत नाही. रात्रभर कोण जागलं, पैसे कुठून आले, आईने तेव्हा नोकरी का सोडली, मला ठाऊक नाही. तुम्ही एमिलियाशी भांडणाऱ्या सुबारूसारखं ते कधी काढलंही नाहीत. पण मला ते ऐकायचंय. दिवाळीला चार दिवस सुट्टी टाकून येतोय. तेव्हा सांगा, आणि आई, "त्यात काय सांगायचं" म्हणून उठून आत जाऊ नकोस.

तुमचा,
अभिजित

ता. क. तो चौथा भाग आधी एकटा लावून बघू नका, काही कळणार नाही. पहिल्यापासून बघायचं असेल तर पहिला भाग पन्नासेक मिनिटांचा आहे आणि त्यात रक्त बरंच आहे. आई, जेवताना लावू नकोस.