वजन खोक्यावरचं नको, खांद्यावरचं सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत फिरतीच्या लोकांसाठी पातळ, हलक्या लॅपटॉपचं परीक्षण आलं होतं. लिहिलंय छान, पण तो लॅपटॉप एसी खोलीतल्या टेबलावरून खाली उतरला असेल असं काही वाटलं नाही. माझा उतरतो. मी सीए आहे, वय ५४, राहणार मिरज. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत पतसंस्था आणि विकास सोसायट्यांच्या ऑडिटसाठी जत, आटपाडी, कवठेमहांकाळ अशी फिरती असते, तीही एसटीने.

खांदा आखडला म्हणून दोन वर्षांपूर्वी जुना पंधरा इंची लॅपटॉप भाचीला दिला आणि पातळ घेतला. खोक्यावर वजन छापलं होतं १.२ किलो. ऑडिटरची खोड जात नाही, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर एकेक वस्तू ठेवली. लॅपटॉप १ किलो २३०. चार्जर आणि त्याची वायर ३२०. हब (एका खाचेत लावून अनेक खाचा देणारा जोड) ९०, माउस ८०, डिजिटल सहीचं टोकन त्याच्या पाकिटासकट ६०. बेरीज १ किलो ७८० ग्रॅम. वाणी म्हणाला, "मॅडम, आमच्या मापात एवढा फरक निघाला तर वजनमापेवाले दुकान बंद करतील."

हब का लागतो, हे तुमच्या लेखात एका ओळीत उरकलंय, आणि माझं सगळं दुखणं तिथेच आहे. २००८ साली ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला मॅकबुक एअर लॅपटॉप कागदी पाकिटातून बाहेर काढून दाखवला. (तसल्या पाकिटात आम्ही व्हाउचर ठेवतो.) वजन १.३६ किलो, पण सीडी-डीव्हीडीची सोय नाही, लॅनची, म्हणजे नेटवर्कच्या वायरची, खाच नाही, यूएसबी एकच. तेव्हापासून जाडी कमी झाली की आधी खाचा जातात. माझ्याकडे दोन टाइप-सी, म्हणजे नव्या छोट्या यूएसबी खाचा आहेत, त्यातली एक चार्जर अडवतो. सहीचं टोकन जुन्या चौकोनी यूएसबीचं. सोसायटीत डेटा घ्यायचा तर लॅनची वायर लागते, कारण वायफाय सचिवांच्या मोबाइलवर आणि सचिव बँकेत.

मागच्या वर्षी सप्टेंबरात, टॅक्स ऑडिटच्या घाईत, आटपाडीहून परतताना बसमध्येच एक अहवाल सही करून चढवायला घेतला. हब मांडीवरून शेपटीसारखा लोंबत होता. टोकनचा पिन टाकला, तेवढ्यात शेजारच्या आजी सरकून बसल्या आणि त्यांची भाजीची पिशवी बरोबर हबवर टेकली. टाइप-सीचं टोक वाकलं. सही गेली ती गेलीच. घरी पोचून भाचीकडून तोच जुना, जाड लॅपटॉप मागवला, तेव्हा रात्री साडेदहाला अहवाल गेला. आजींनी आपल्यामुळे काही बिघडलं का म्हणून दोन वांगी देऊ केली होती. घेतली.

बॅटरीचं तसंच. जाहिरातीत १५ तास, आणि आकड्याला छोटी चांदणी. चांदणीचा अर्थ तळाला बारीक अक्षरात मिळतो: मंद उजेडात साठवलेला व्हिडिओ चालवून मोजलेले तास. माझ्याकडे एक्सेल, टॅली, मोबाइलचा हॉटस्पॉट आणि खिडकीतल्या उन्हापुढे पूर्ण वाढवलेला उजेड. साडेसहा तास मिळतात. तेही कमी नाहीत, जतला दुपारी लाईट गेली तरी काम अडत नाही. पण परीक्षणात तासांपेक्षा वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते तो आकडा, छापा, त्यात चांदणी लागत नाही. विमानाने जाणाऱ्यांनाही हाच आकडा लागतो, कारण सोबतच्या बॅटरीची नेहमीची मर्यादा १०० वॅट-अवर असते. आणि एसटीत मोबाइलसाठी दिलेल्या पॉइंटवर लॅपटॉप चार्ज होत नाही, हे कुणीतरी एकदा छापा म्हणजे लोक कंडक्टरशी भांडणार नाहीत.

स्क्रीन किती निट्स (हे उजेडाचं माप) उजळतो, हेही लेखात नव्हतं. २५० निट्सच्या चकचकीत स्क्रीनवर मे महिन्यात खिडकीशी बसलं, तर ताळेबंदाच्या जागी स्वतःचा चेहरा दिसतो.

आणि रॅम. जुन्या लॅपटॉपला आमच्या दुरुस्तीवाल्याने दहा मिनिटांत ८ जीबी वाढवून दिली होती. नवा त्याने उघडला, बघितला आणि झाकण लावून परत दिला. "बोर्डावरच सोल्डर आहे मॅडम, वाढवता येत नाही. घेतानाच १६ घ्यायची होती." घेताना दुकानात हे कुणी बोललं नव्हतं, आणि तुमच्या लेखातही नाही.

एवढं असून मी जुन्याकडे परत जाणार नाही. जुना चार्जरसकट पावणेतीन किलो होता. आता एका खांद्यावर बॅग आणि दुसऱ्या हाताने बसचा दांडा धरून मी उभी राहू शकते. शिवाय मोबाइल आणि लॅपटॉप एकाच चार्जरवर भागतात, हे सुख वेगळंच.

पुढच्या परीक्षणाआधी तुमच्या लेखकांनी तो लॅपटॉप घेऊन मिरज-जत बसने एक फेरी करावी. सकाळची लालपरी घ्या, दुपारी जागा मिळत नाही.

आपली,
एक फिरती सीए, मिरज