चावी मॅनेजरकडं आहे

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

दोन रविवारांआधी तुमच्या पुरवणीत बाईनं एकटीनं गाडी घेऊन लांब जायचं असेल तर काय काळजी घ्यावी असा लेख आला होता, त्यात बारा सूचना होत्या. पर्समधे मिरचीचा स्प्रे ठेवा, घरी लाईव्ह लोकेशन पाठवत राहा, अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा, 112 नंबर पाठ ठेवा वगैरे. लेख चांगला आहे, मी कापून फ्रिजवर लावला. पण मी मार्चमधे खरंच जाऊन आली आहे, दिग्रसकडच्या आमच्या गावातून पार आलापल्लीच्या समोर, एकटी, आठ वर्षं जुन्या अल्टोनं, आणि मला ज्या एका गोष्टीनं रस्ताभर रडवलं तिचं नाव तुमच्या बाराच्या बारा सूचनांमधे कुठंच नाही, म्हणून हे पत्र.

माझी मुलगी नर्स आहे. गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीच्या पुढं एका आरोग्य केंद्रावर तिला पोस्टिंग मिळाली. एसटीनं जायचं तर आम्हा बायांना 2023 च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण दिग्रस, यवतमाळ, वणी, चंद्रपूर आणि मग तिकडची गाडी, एवढ्या जागी उतरचढ करायची आणि सोबत तुरीची डाळ, सांडगे, ज्वारीच्या पापड्या, लोणच्याची बरणी, ते काही जमणारं नव्हतं. आमचे हे म्हणे मी येतो, पण हरभरा काढणीला आला होता आणि मजूर त्याच आठवड्यात भेटून राहिले होते. मी म्हटलं मी जाते. घरात दोन मिनिटं कोणी बोललंच नाही.

मग बोलले, बंदेच बोलले. आत्याबाई म्हणे तिकडं वाघ आहेत. दीर म्हणे नक्षलवादी. शेजारच्या काकू म्हणे गाडी बंद पडली तर काय करशील वं बाई. आमचे हे म्हणे चंद्रपूर रोडचे कोळशाचे ट्रक पाहिले का कधी. लघवीला कुठं जाशील, हे कोणीच विचारलं नाही, आणि खरं सांगते, माझ्याही डोक्यात नाही आलं. आपण गावातल्या बाया, वावरात पऱ्हाटीच्या आड बसायची सवय, रस्त्यावर काय अडते असं वाटलं.

सकाळी पाचला निघाली. यवतमाळ सोडलं तर उजाडून गेलं होतं, जोडमोह्याकडं पळस असा फुलला होता की दोनदा गाडी हळू करून पाहिला. करंजीला 44 नंबरचा हायवे लागते, तोच श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा, तिथं चहाला थांबली. चहावाल्यानं आधी गाडीत वाकून पाहिलं, मग मला विचारलं, मालक नाही का सोबत? मी म्हटलं मागच्या गाडीत आहेत. दिवसभरात मी मालकाला चार वेळा मागच्या गाडीत बसवलं. शेवटी तर मलाच वाटून राहिलं होतं की येतच असतील.

त्या चहानं घात केला. थोडं समोर गेल्यावर एक पेट्रोल पंप दिसला, कोणत्या कंपनीचा ते लिहीत नाही कारण पुढं बाकीच्यांवरही काही वेगळं चित्र नव्हतं. हजाराचं पेट्रोल टाकलं. मागच्या बाजूला भिंतीवर डोक्यावर पदर घेतलेली बाई रंगवलेली आणि खाली 'महिला प्रसाधनगृह', बाजूला पुरुषांचं. पुरुषांच्याला दारच नाही. बायांच्याला दार आहे, दाराला कुलूप आहे आणि कुलपाला जाळं लागलेलं. पोराला म्हटलं चावी दे. तो म्हणे चावी मॅनेजरकडं आहे. मॅनेजर कुठं आहे? जेवायला गेला. सकाळचे साडेनऊ वाजले होते साहेब.

मी पण हट्टानं उभी राहिली. मागं दोन ट्रकवाले, एक मोटारसायकलवाला, सगळ्यांना समजलं की ही बाई कशासाठी उभी आहे. वीस मिनिटांनी चावी आली. जुन्या स्पार्क प्लगला सुतळीनं बांधलेली, हरवू नये म्हणून असेल, पण वापरातच नाही तर हरवते कशी. आत ऑइलचे रिकामे डबे, झाडू, दोन सिमेंटची पोती, ती पण गोठून दगड झालेली. नळाला पाणी नाही. आणि आतून कडी नाही, कडीच्या जागी दोन भोकं, त्यातून बाहेरचा उजेड येत होता. एका हातानं दार ओढून धरलं, दुसऱ्या हातानं कपडे सावरले, पर्स दातात. पर्समधे तुमचा मिरचीचा स्प्रे होता, पण तो काढायला तिसरा हात पाहिजे.

आता नियम असा आहे की पंपावर हवा, प्यायचं पाणी आणि संडास-बाथरूम फुकट द्यायला लागते, पेट्रोल भरा की नका भरू. तक्रारवही मागितली तर तीही द्यायला लागते. हवा भरायला पोरगा धावत येते, काच पुसून देते, युपीआयचा स्कॅनर तोंडासमोर धरते. बाकीच्याची चावी जेवायला गेलेली असते.

त्यानंतर मी काय केलं तर पाणी पिणं बंद केलं. हे मी ठरवलं पण नाही, आपोआप झालं, म्हणजे बायांना हे कोणी शिकवत नाही पण येतेच. वणी गेलं, घुग्घुस गेलं, कोळशाची काळी धूळ काचेवर, ट्रकामागं ट्रक, चंद्रपूर येईपर्यंत ऊन असं की स्टेअरिंगला हात लागू देईना. मार्चच होता, पण चंद्रपूरचा मार्च आहे तो. दोन लिटरची बाटली बाजूच्या सीटवर, पाणी नुसतं डचमळून राहिलं होतं आणि मी तिच्याकडं पाहत नव्हती. चंद्रपुरात एका स्टॅण्डवर गेली तर तिथं बाईकडून पाच रुपये आणि माणसाकडून काही नाही. मुंबईत बायांनी यासाठी 'राईट टू पी', म्हणजे लघवीचा हक्क, या नावानं चळवळ केली होती, तेव्हा आमच्या बचत गटात आम्ही त्या नावाला हसलो होतो. मी पाच रुपये दिले आणि गुपचूप गेली. तिथंच एक एसटीची महिला कंडक्टर तोंड धुवून राहिली होती, तिला म्हटलं तुमचं कसं हो ताई रोज, तर म्हणे आम्ही ड्युटी सुरू झाली की पाणीच पीत नाही, घरी गेल्यावर तांब्याभर एकदम पितो.

कोठारीच्या समोर जंगलात गाडी पंक्चर झाली. ही गोष्ट घरी सगळ्यात जास्त वेळा सांगून झाली आहे म्हणून इथं थोडक्यात सांगते. आमच्या यांनी एक शिकवलं होतं की चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे, मग जॅक लावायचा, जॅकवर चढवल्यावर जोर लावला तर चाकच फिरते. पान्यावर उभी राहून चार पैकी तीन ढिले केले. तेवढ्यात मोटारसायकलवर दोन पोट्टे आले. हो, भीती वाटली, खोटं काहून सांगू. एक म्हणे, काकू, मालक कुठी आहे? दुसऱ्यानं काही न विचारता मागच्या चाकाले दगड लावला आणि चौथ्या नटावर चढला. दहा मिनिटांत स्टेपनी बसली. मी म्हटलं जा बाबा आता, देव भलं करो. माझा विचार असा की चारही बाजूला सागाचं जंगल, रस्त्यावर कोणी नाही, याहून चांगली जागा भेटणार नाही. तर ते जातच नाहीत! म्हणे काकू, इकडं वाघ राहते, तुमची गाडी निघाल्याशिवाय आम्ही हालत नाही. किती विनवलं. शेवटी माझीच गाडी निघाली, तशीच.

आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. तिथून लोहखनिजाचे ट्रक, कोळशाची काळी धूळ संपून लाल सुरू. चारच्या सुमारास आलापल्ली, तिथून मुलीकडं. मीटरवर साडेतीनशेच्या वर झाले होते. ती गाडीतून सामान काढता काढता म्हणे, मम्मी, ही बाटली भरलेलीच कशी?

रात्री उन्हाळी लागली. ज्यांना लागली त्यांनाच माहीत, आग आग, पाच मिनिटांनी उठायचं आणि चार थेंब. सकाळी मुलीनं लघवी तपासली तर पसपेशी निघाल्या, गोळ्यांचा कोर्स दिला आणि ओरडली ते वेगळं. तिच्या ओपीडीत आशाताया येतात याच तक्रारीनं, शाळेच्या मॅडम येतात, म्हणे सगळ्यांचं कारण एकच असते, दिवसभर पाणी नाही पिलं.

झोप उडालीच होती तर पहाटे बाहेर ओट्यावर बसली. समोर जंगलाच्या कडेला लहान लहान आगी दिसून राहिल्या होत्या. मुलगी म्हणे मोहफुलं वेचणाऱ्या बाया आहेत, झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात, फुलं रात्रीतून पडतात म्हणून उजाडायच्या आतच जावं लागते. एकेका झाडाखाली एकेक बाई, टोपली घेऊन, वाकलेली. आणि वाघानं बाई नेल्याच्या बातम्या तुमच्याच पेपरात याच महिन्यांत येतात. त्यांना कोणी बारा सूचना दिल्या नाहीत, मालक कुठं आहे हे पण कोणी विचारत नाही. मी कारमधे बसून गेली तर गावभर चर्चा.

येताना मी आष्टीहून घरच्या रस्त्याला न लागता चामोर्शीकडं वळली आणि मार्कंड्याला गेली. काही काम नव्हतं. जाताना लेकीचं कारण होतं म्हणून घरच्यांनी सोडलं, येताना कारण नव्हतं म्हणून कोणाला सांगितलं नाही, आता पेपरात वाचतील. वैनगंगा तिथं वळून उत्तरेकडं वाहते, म्हणून विदर्भाची काशी म्हणतात. तासभर घाटावर बसली, पाय पाण्यात टाकून. डब्यातली भाकर खाल्ली आणि पोटभर पाणी पिली, गोळ्या सुरू होत्या तर प्यावंच लागत होतं. हा तास मला कोणी दिला नव्हता, मी घेतला, आणि पुन्हा घेणार आहे.

मुद्द्याचं लिहिते. अमरावती-अकोल्याच्या मधात 2022 मधे 75 किलोमीटरचं डांबर 105 तास 33 मिनिटात टाकलं म्हणून गिनीजमधे नाव गेलं, आम्ही पण टाळ्या वाजवल्या. समृद्धी 701 किलोमीटरची झाली. रस्ते झाले, कोणी नाही म्हणत नाही. एक कडी लावायला किती तास लागतात? सत्तर-ऐंशी रुपयांची कडी, चार स्क्रू. आणि कुलूप लावायचंच असेल तर चावी दाराच्या बाजूला खिळ्याला टांगा, स्पार्क प्लगसकट टांगा, काही हरकत नाही.

तुम्हाला एवढंच सुचवायचं आहे की प्रत्येक तालुक्यात तुमचे वार्ताहर आहेत, त्यांना नाहीतरी पेट्रोल भरायचंच असते, तर एका आठवड्यात आपापल्या तालुक्यातले पंप आणि स्टॅण्ड पाहून घ्यायला सांगा: बायांचं उघडं होतं का, आतून कडी लागते का, पाणी आहे का. नावासकट छापा, तुम्हाला चालते, मला नाही चालणार, मला त्याच रस्त्यानं परत जायचं आहे. तोवर फ्रिजवरच्या कात्रणात खाली जागा आहे, तेरावी सूचना मी पेननं लिहून ठेवली आहे: पुठ्ठ्याचा तुकडा आणि दोरी सोबत ठेवा, दाराच्या भोकात लावायला.

आपली,
एक वाचक, ता. दिग्रस, जि. यवतमाळ

ता. क. : मागच्या आठवड्यात आमचे हे वणीला गेले होते, तर मी म्हटलं त्या पंपावर थांबून बायांच्या दाराला कुलूप आहे का ते पाहून या, असेल तर चावी मागून पाहा. घरी आल्यावर विचारलं. कुलूप होतं म्हणे. मग चावी मागितली का? तर म्हणे, लोक उभे होते, लाज वाटली.